इतिवृत्त कायम व्हायचं आहे

दि. ११ मार्च

ती. ताईस,
भोवऱ्याचा सा. न. वि. वि.

पोचलो. पोचल्या दिवशी पत्र टाक म्हणाली होतीस, आज सहावा दिवस. पण त्यातले दोन दिवस मी पोचलोच नव्हतो. अलीकडच्या स्टेशनात पितळी भोंगे दुरुस्त करणारा एक म्हातारा भेटला, त्याच्याकडे राहिलो. ते पुन्हा कधीतरी.

मामाच्या ऑपरेशनची काळजी सोड. जखम भरलीय, जिना माझ्यापेक्षा लवकर चढतो. आता दुसरी काळजी धर. मामा क्लबात जात नाही. ताई, हा माणूस सव्वीस वर्षं दर मंगळवारी सहाला छापखान्यावरच्या खोलीत सेवा क्लबाच्या सभेला जात होता. मामी गेली त्या आठवड्यातही गेला होता आणि तू त्याच्यावर चिडली होतीस. तो गेले नऊ मंगळवार घरात आहे. सहाला रेडिओ मोठा करतो, सातला बंद करतो. सायकलचं दुकान विकल्यावर त्याला एकच काम उरलं होतं. क्लब आजारी माणसांना चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर वापरायला देतो, आणि मोडकं ते सगळं मामाकडे यायचं. तेही सोडलं. परवा जेवताना म्हणाला की तू आलास म्हणून, नाहीतर मी माझा आवाजच विसरलो होतो. हसत म्हणाला.

कारण त्याच्याकडून तीन हप्त्यांत काढलं. तो हॉस्पिटलात होता त्या मंगळवारी क्लबातला बेकरीवाला त्याला भेटायला गेला. बघतो तर खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. मामाला नुसतं वरच्या मजल्यावर हलवलं होतं. पण बेकरीवाल्याने कोणाला विचारलं नाही. तसाच रडत सभेत शिरला. मग काय, सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता पाळली, एकेकजण मामाबद्दल बोलला, आणि चिटणीसबाईंनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामा टॅक्सीतून घरी उतरतो, तर दारात क्लबाचे अध्यक्ष (दातांचे डॉक्टर आहेत) हातात फुलं घेऊन उभे, आणि शेजारणीकडे कपाटाची किल्ली मागतायत. खुर्च्यांच्या सुट्या भागांचं कपाट मामाच्या ताब्यात असतं ना, त्याची. मामा म्हणतो, फुलांचं मी हसण्यावारी नेलं असतं, पण माणूस थंड व्हायच्या आत किल्ली मागतात? माझ्यासाठी उभं राहून झालंय त्यांचं, आता मेलेला माणूस सभेला जात नसतो.

तू सांग काय करू. मला पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. एकजण होडीवर काम देतो म्हणालाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
भोवरा


दि. १५ मार्च

चि. भोवऱ्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शाई सांडलेला भाग सोडून सगळं लागलं. होडी थांबेल. तुझ्यासाठी आजवर आम्हीच थांबत आलो, थोडं होडीलाही थांबू दे.

मामाला समजावायला जाऊ नकोस. आपली आई त्याची सख्खी बहीण, तिला कधी जमलं नाही, तर तुला काय जमणार? त्याला कोणी चुचकारलं की तो आणखी आखडतो. पण चूक मात्र त्याला बघवत नाही. माझ्या लग्नात मांडवाचा एक खांब वाकडा होता, तर फोटो राहिले बाजूला आणि हा नव्या कपड्यांत हातोडी मागत फिरत होता.

तेव्हा आधी तू सभेला जा. त्याच्या वतीने नाही, आपला पाहुणा म्हणून. तिथे काय चाललंय ते बघ आणि त्याला जसंच्या तसं येऊन सांग. जसंच्या तसं म्हणजे काय ते तुला माहीत नाही हे मला माहीत आहे, तरी प्रयत्न कर.

तो एकटा बसून राहिला तर या वर्षात म्हातारा होईल, भोवऱ्या. मला इथून पोरांच्या परीक्षा सोडून हलता येत नाही. तू आहेस म्हणून रात्री डोळा लागतो, हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

वेळेवर जेव. माझा जीव तुम्हा दोघांत आहे.
तुझी
ताई


दि. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन सभा झाल्या. पहिलीचं आधी सांगतो.

खोली लहान, घडीच्या खुर्च्या, खालून छापखान्याची धडधड. माणसं चौदा. डॉक्टर घंटा वाजवतात, की चिटणीसबाई उभ्या राहतात. बाई कोर्टात टायपिस्ट होत्या. अशा बसतात की जणू पाठीला फळी लावलीय. क्लबाचा नियम असा की मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, कोणाची दुरुस्ती असली तर घ्यायची आणि मग ते कायम करायचं. दुरुस्ती ज्याच्याबद्दल आहे त्याने स्वतः हजर राहून सुचवायची. आता बघ गंमत. मामाचं निधन ज्यात लिहिलंय ते इतिवृत्त कायम करता येत नाही, कारण मामा जिवंत आहे. दुरुस्तही करता येत नाही, कारण मामा हजर नाही. म्हणून बाई ते दर मंगळवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. डॉक्टरांनी सुचवलं, सगळ्यांनी हात वर करून खोडून टाकू. बाई म्हणाल्या, माणूस आहे की नाही हे हात वर करून ठरत नाही. वाचन सुरू झालं की बेकरीवाला स्कूटर बघायला खाली जातो, कारण त्याला रडताना धरून बसवलं हेही त्यात आहे.

मी नक्कल मागितली. बाई म्हणाल्या की दप्तर खोलीबाहेर जात नाही, ज्यांना ऐकायचंय त्यांनी मंगळवारी यावं. हे त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत, खिडकीकडे बघून बोलल्या. खिडकीतून मामाच्या घराची गच्ची दिसते.

सभा संपल्यावर मला काम लावलं. सभेतल्या एका बस-ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या खुर्चीचा ब्रेक नीट करायचा होता. मामाचा भाचा म्हणजे हात त्याच वळणाचे असतील, असा सगळ्यांचा समज. मी ब्रेक आवळला, आजीबाई बसल्या आणि खुर्चीसकट हळूहळू घरंगळत जाऊन चपलांच्या कपाटाला टेकल्या. लागलं काही नाही. त्या म्हणाल्या, बऱ्याच दिवसांत कुठे गेले नव्हते.

घरी येऊन मामाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ब्रेकचं ऐकल्यावर त्याने चमचा खाली ठेवला आणि कोणत्या बाजूचा नट आवळलास एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर डोळे मिटले. मग मी इतिवृत्त सांगायला घेतलं. कोण काय बोललं त्याची माझ्याकडून सरमिसळ झाली. मामाने कोणाची तरी खुर्ची दोरीने बांधून दिली, असं मी म्हणालो. मामा भडकला, आयुष्यात मी दोरी वापरली नाही, असं कोण म्हणालं? मला आठवेना. मग डॉक्टरांचं वाक्य मी बेकरीवाल्याला दिलं. मामा म्हणाला, माझं मरणसुद्धा तुला धड सांगता येत नाही.

तरी गेल्या मंगळवारी त्यानेच मला पाठवलं. नीट ऐकून ये, कागद-पेन्सिल ने, म्हणाला. मी वेळेच्या आधी निघालो होतो, शपथ. पण छापखान्यात पाय दाबला की फिरणारं एक जुनं यंत्र आहे, तिथला जुळारी अक्षरांचे खिळे कसे लावतो ते बघत बसलो. अक्षरं उलटी वाचतो गं तो, आणि सुलट वाचताना अडखळतो. वर गेलो तेव्हा वाचन संपून चहा चालला होता.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या भरवशावर बसलो तर मला दोरीवालाच करून ठेवतील. मग विचारलं, इस्त्री कुठे आहे.

होडीवाल्याला कळवलं की थांब. रागावू नकोस, आणि मनातून उतरवू तर नकोसच.
तुझा
भोवरा


दि. २ एप्रिल

चि. सौ. मोठीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाने पत्र सुरू केलं होतं. दोन ओळी झाल्या आणि रस्त्यावर खांब उभा करतायत ते बघायला गेला. उरलेलं मी लिहितो. मला सवय नाही, समजून घे.

मंगळवारी गेलो. जिना चढताना काय काय सुनवायचं ते जुळवून ठेवलं होतं. पहिली किल्ली, मग फुलं, मग बेकरीवाल्याची अक्कल. आत गेलो तर कोणी ‘या’ म्हणालं नाही की ‘का आलात’ म्हणालं नाही. डॉक्टरांनी घंटा वाजवली, तीही दोनदा. बाई वाचायला उभ्या राहिल्या. चष्मा हातात होता. डोळ्यांवर चढवलाच नाही, तसंच सगळं म्हणून दाखवलं. बेकरीवाला खाली जायला उठला होता, तो दारातच थांबला.

सगळं इथे लिहीत नाही. माणसं असं समोर बोलत नाहीत आणि तेच बरं, नाहीतर कामं झाली नसती. दोरीचं कुठेच काही नव्हतं. शेवटचं वाक्य बाईंचं स्वतःचं होतं. सव्वीस वर्षांत मी एकही खुर्ची ‘होणार नाही’ म्हणून परत पाठवली नाही, असं.

बाईंनी नेहमीसारखं विचारलं, कोणाची काही दुरुस्ती आहे का. मी उभा राहिलो. जुळवलेलं सगळं गेलं. म्हणालो, शेवटचं वाक्य चूक आहे. एक पाठवली होती. तुझ्या मामीचं दुखणं चालू होतं तेव्हा एका माळ्याची खुर्ची आली होती, सांगाडा मधोमध तडकलेला. मला धीर नव्हता. होणार नाही म्हणून सांगितलं. होणारी होती, जोड देता आला असता. दुसरी मिळेपर्यंत तो माणूस तीन महिने घरात पडून होता. बाईंनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. आणखी काही, म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो आणि बसलो.

कोणी हलेना. मग डॉक्टर अगदी हळू म्हणाले, “अहो, आणि तुम्ही वारलात त्याचं काय?”

पहिला मीच हसलो. टाक्यांची जागा दुखली. बेकरीवाला अर्थात रडला.

किल्लीचं काढलंच नाही. त्या दिवशी एका पेशंटला खुर्ची कबूल केलेली होती, हे मला ठाऊक होतं. बेकरीवाला वारला असता तर मीही आधी किल्लीच मागितली असती, आणि फुलं विसरलो असतो.

सभा संपल्यावर बाईंनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या पद्धतीत माणूस गेला की नावावर रेघ मारतात, आला नाही की ‘गैरहजर’ लिहितात. माझ्या नावापुढे, घरी बसलो त्या मंगळवारांचे अकरा चौकोन कोरे होते. त्यांनी विचारलं, यात काय लिहू. डॉक्टर म्हणाले, आजारपणाची रजा लिहा, नियमात बसतं. मी म्हणालो, “गैरहजर लिहा. अकराच्या अकरा.”

बाईंनी चष्मा लावला आणि एकेक चौकोन सावकाश भरला. मी शेजारी बसून राहिलो.

भोवरा अजून आहे. त्याला ब्रेक शिकवतोय. हात वाईट नाही, लक्ष वाईट आहे. परीक्षा संपल्या की पोरांना घेऊन ये. तुला बघून बरेच दिवस झाले. वार कोणताही चालेल. मात्र मंगळवारी आलीस तर किल्ली शेजारणीकडे असेल; सहा ते सात मी घरी नसतो.

तुझा
मामा