बटणाखालचे तीन वेढे

आईस, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर मिळतं, फक्त तुझ्या हातचं नसतं. तुझा गुडघा काय म्हणतोय? माळ्यावर चढू नकोस.

परवा कारखान्यात पोटदुखीचं निमित्त करून कामगार संघटनेच्या वकीलबाईंबरोबर साक्ष द्यायला गेले. खोटं बोलले, रागावू नकोस. आमचे शर्ट विकत घेणाऱ्या देशाचे साहेब व्यापार कराराच्या सुनावणीला आले होते. कामगारांना डांबून बनवलेला माल घेणार नाही, असं करारात लिहा, हे बाईंचं मागणं. साहेबांनी त्यांच्याकडच्या दुकानातला शर्ट माझ्यापुढे केला. "हा तुम्हीच शिवला कशावरून?"

मी बटण उचलून दाखवलं. खाली दोऱ्याचे तीन वेढे, आत दडवलेली गाठ. तू कान पिळून शिकवलीस तशीच! साहेबांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. निकाल कधी लागेल, देव जाणे.

माझा पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात आहे. कुलूप भक्कम आहे, हरवायची भीती नाही.

शर्टांना मात्र कुठेही जाता येतं. आपल्या गावच्या बाजारात आमचा एखादा दिसला, तर बटणाखाली बोट फिरव. माझा हात लागेल तुला.

तुझीच,
धाकटी