मधले चार दिवस

प्रिय इंग्रिड,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, जूनमध्ये मी कायमची आयोवाला परत येते. माझ्या करविवरणात ओरेगॉनला तात्पुरतीच गेलेय असं लिहा." मी नुसतं बरं म्हणालो आणि फोन ठेवला. खरं सांगतो, आनंदाने मला जेवण सुचेना. जानेवारीत बर्फावरून घसरून माझा खुबा मोडला, तेव्हापासून या घरात चमचा खाली पडला तरी उचलायला दुसरं कोणी नाही. तुझी काळजी मला समजते, पोरी.

सोमवारी काठी टेकत ग्रंथालयाच्या तळघरात गेलो. तिथे आम्ही म्हातारी मंडळी लोकांची विवरणं फुकट भरून देतो, हे तुला माहीतच आहे. पहिलं तुझंच काढलं. वर्षाच्या मध्येच राज्य बदललं तर दोन्ही राज्यांत आपापल्या महिन्यांचं वेगळं विवरण भरायचं, हे मी सतरा वर्षं लोकांना घोकून सांगतोय. तरी तुझ्यासाठी आयोवाचं अख्ख्या वर्षाचं भरलं, आणि ओरेगॉनच्या कागदावर तुला पाहुणी करून टाकलं. 'कायमचं घर' यापुढे आपला पत्ता लिहिला. अक्षर इतकं सुरेख आलं की काय सांगू!

पण एकाने भरलेलं दुसऱ्याने तपासायचं, हा आमच्याकडचा नियम. तुझे कागद नेमके मर्नाच्या हाती गेले. ती तुझ्या आईची मैत्रीण खरी, पण जिभेला हाड नाही. चष्म्यावरून बघत म्हणाली, "काय रे आर्विड, पोरीचं गाडीचं लायसन्स कुठलं?" ओरेगॉनचं. "मतदान?" तिकडेच. "आणि ती लाडकी मांजर?" तीही तिकडेच. "मग तात्पुरतं काय आहे, तुझं डोकं? सतरा वर्षांत एक चूक केली नाहीस, आणि आता लेकीच्या नावावर खोटं लिहितोस होय!" मी भडकलो. तुला मूलबाळ नाही, तुला काय कळणार, असं बोलून गेलो. बोलायला नको होतं. तिने डब्यातली लेफ्सा, ती बटाट्याची पातळ पोळी, काढून माझ्यापुढे ठेवली, मला आवडते तशी वर साखर पेरून.

घरी येऊन तुझी पत्रं काढली. म्हटलं, तू तात्पुरतीच गेलीस याचा पुरावा सापडेल आणि मर्नाच्या तोंडावर टाकेन. हाताला लागलं नाताळचं पत्र. एका जुन्या व्हायोलिनचा तडा तू असा सांधलास की तू काम करतेस त्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाच्या मालकांना, तौनोंनाही तो शोधून सापडेना. दोन वर्षांनी दुकान तूच सांभाळ, असं ते म्हणाले. त्यापुढे तू तीन उद्गारचिन्हं दिली आहेस. इथे धान्याच्या कोठाराच्या कचेरीत तू नऊ वर्षं काढलीस, आणि संध्याकाळी कधी कामाचा विषय काढला नाहीस. मी समजायचो, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी मर्नाची माफी मागितली आणि कोरे कागद घेतले. आता अडलं ते तारखेवर. गेल्या वर्षी नऊ ऑगस्टला सकाळी तू इथून गाडी काढलीस, तेराला ओरेगॉनमध्ये ॲस्टोरियाला पोचलीस. मधले चार दिवस तू नेब्रास्का, वायोमिंग, आयडाहो करत रस्त्यावर होतीस. ते दिवस कोणाचे धरायचे? मर्नाने नियमांचं पुस्तक उघडून बोट ठेवलं. नवं घर होईपर्यंत माणसाचं जुनं घरच त्याचं. मी ती ओळ दोनदा वाचली. कायदा करणाऱ्यांतही कोणीतरी लेकीचा बाप असणार.

तर इंग्रिड, हे पत्र एवढ्यासाठीच. सोबतच्या कागदांवर तुझं कायमचं घर मी ओरेगॉन लिहिलं आहे. पेन्सिलीने खूण केली आहे तिथे शाईने सही कर, आणि तौनोंना सांग, "मी दुकान सोडून कुठे जात नाही." मर्नाची भाची आठवड्यातून तीनदा माझ्या मदतीला इथे येणार आहे, तेव्हा माझ्या नावाने अश्रू गाळू नकोस. जूनमध्ये जरूर ये. पंधरा दिवस राहा, मला ओरड, आणि आपल्या घरी परत जा. मला तू इथे हवी आहेस, फार हवी आहेस, पण त्या तीन उद्गारचिन्हांच्या बदल्यात नको. तारीख तेरा ऑगस्ट घातली आहे. रस्त्यातले चार दिवस मी आयोवात ठेवून घेतले आहेत. तेवढे राहू दे माझ्याकडे.

सदैव तुझाच,
बाबा