बधिर जागा

५ तारीख, सोमवार

आली एकदाची! सरळ वाटेनं यायचं तिनं नावच घेतलं नाही, शेवटी पोट चिरून बाहेर काढावी लागली. हट्टीपणात आतापासूनच बापावर गेलीय. नाव ठरेपर्यंत चिंगी.

दवाखान्यातली खोली छान आहे. मोठी खिडकी, पलंगाला लागूनच पाळणा. मला दुखण्याची भयंकर धास्ती होती, पण इथे नवीन सोय आहे. टाक्यांच्या आत एक बारीक नळी ठेवलीय, तिला बाहेरून औषधानं भरलेला संत्र्याएवढा फुगा जोडलाय, आणि त्यातून जागा बधिर करणारं औषध थेंबथेंब आत जातं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं जवळजवळ कळणारच नाही. खरंच कळत नाही! सासूबाई बघतच राहिल्या. त्यांच्या वेळी म्हणे नुसतं कुशीवर वळलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

६ तारीख, मंगळवार

आज चालले. चालले कसली, मिरवले. शेजारच्या खोलीतली बाई भिंतीला धरून कशीबशी पाऊल टाकत होती, तिच्यासमोरून मी पाण्याचा जग भरून आणला. सिस्टर रागावल्या. दुखत नाही म्हणजे जखम भरली असं नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही. मी हो हो म्हटलं आणि त्यांची पाठ वळताच पलंगाखालची जड बॅग ओढून काढली, दुपटी हवी होती. तेवढ्यात चिंगी जी किंचाळली! भुकेचं रडणं नव्हतं ते. बॅग सोडून सरळ झाले तर गप्प.

७ तारीख, बुधवार

चिंगी उगीच रडत नाही. मी शिंकले की रडते. सकाळी नवऱ्यानं काहीतरी विनोद केला, मी पोट धरून हसले, आणि ती पाय पोटाशी घेऊन काळीनिळी होईपर्यंत रडली. तुझं हसणं ऐकून घाबरली, असं तो म्हणाला. तेव्हा मलाही गंमत वाटली.

तो चहा आणायला गेल्यावर मी पट्टीवर दोन बोटं दाबली. मला काहीच कळलं नाही. ती किंचाळली. बोटं काढली, थांबली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबायला हात धजला नाही.

माझं दुखणं कुठे जातंय ते मला कळलं. मला फार भीती वाटतेय.

८ तारीख, गुरुवार

हट्ट धरून नळी काढायला लावली. आता दुखेल, गोळी देईन, असं सिस्टर म्हणाल्या. दुखण्याची वाट बघत बसले. इतक्या आतुरतेनं मी कधी कुणाची वाट पाहिली नसेल. औषध केव्हाच उतरायला हवं होतं. पायाला चिमटा काढला, दुखलं. पोटाला काढला, तर चिंगी —

सगळ्यांना सांगितलं. ओल्या बाळंतिणीला असे भास होतात, झोप काढ, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, दाखव बघू. दाबून दाखवू? पोटच्या पोरीवर?

सासूबाईंनी पाळणा लांबच्या भिंतीशी नेला. काही उपयोग नाही. ती तिथेही —

१० तारीख, शनिवार

मी हलत नाही. श्वाससुद्धा अगदी हळू घेते. तरी ती कण्हते. एवढंसं बाळ कण्हतं — दूध ओढत नाही. तिच्या पोटावर साधी लाल रेघही नाही, म्हणून कुणी माझं —

पट्टी ओली झाली. टाक्यांत पू. त्या बॅगेनं. माझ्या मिरवण्यानं.

११ तारीख, रविवार

जखम उघडून साफ करणार. इथेच, खोलीत. तिथल्या तिथे सुया देऊन बधिर करू, तुला काही कळणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाया पडले. सुई नको, तसंच कापा, मला दुखू दे — नवऱ्याचे डोळे भरले. त्याला वाटतं मी वेडी —

वही हातात राहू दिलीय, मन रमेल म्हणून. मध्ये हिरवा पडदा. सुया टोचताहेत. प्रत्येक सुईला चिंगी — सासूबाई तिला घेऊन फेऱ्या घालताहेत. भूक लागली असेल, म्हणतात.

लागतंय का, विचारलं. हो म्हटलं, खोटंच, थांबतील म्हणून. त्यांनी आणखी औषध भरलं.

चिंगीचा आवाज बसला. नुसतं तोंड उघडतेय —

पुन्हा विचारताहेत, लागतंय का. नाही म्हटलं तर कापणार. हो म्हटलं तर —