दोनशे एकरांचा धनी

४ जानेवारी

मोएलागीचा अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज आज भरला. एक रकाना — 'आर्थिक मदत हवी का?' लेक म्हणाली, "बाबा, 'हो' लिहा."

मी या गावाचा वक्ता-सरदार! काठी टेकून उभा राहिलो की साऱ्या सामोआतले सरदार ऐकतात. मी स्वतःच्या हातानं 'भीक घाला' लिहू? 'नाही' लिहिलं. मालमत्ता — दोनशे एकर, डोंगरापासून समुद्रापर्यंत. खोटं काय त्यात? कुळाच्या जमिनीवर शब्द माझाच चालतो.

२४ मार्च

घेतली! कॉलेजनं माझी लेक घेतली! दोन डुकरं कापली.

२५ मार्च

पत्राचं दुसरं पान तिच्या शिक्षिकेनं, तेउइलाबाईंनी, वाचून दाखवलं. मदत शून्य. वर्षाचे नव्वद हजार डॉलर आपले आपण भरा!

"सरदार, 'मदत नको' लिहिलंत, वर एवढी जमीन दाखवलीत. ते म्हणणारच, विका."

विका? कुळाची जमीन विकणाऱ्याचं घर इथं गाव जाळतं! पूर्वी परके जमीन घ्यायला तोफा घेऊन यायचे. आता नुसता रकाना पुढे करतात — आणि मी मूर्ख, त्यावर सही करतो!

२६ मार्च

धाकटा भाऊ फेतू कोयता घेऊन दारात.

"दादा, कागदावर सगळी जमीन स्वतःची दाखवलीस म्हणे? मग आम्ही कोण, तुझी डुकरं?"

"पोरीसाठी केलं."

"पोर तुझी, आणि जमीन सगळ्यांची!"

मी ठोसा मारला. त्यानं कोयत्याची बोथट बाजू माझ्या खांद्यावर घातली. अळकुड्यांच्या चिखलात दोघं लोळलो. त्याचा दात पडला. मोएलागी मध्ये आली — माझंच कोपर तिच्या कपाळावर. रक्त बघून थांबलो.

फेतू लाल थुंकला. "आता लिही — मदत हवी!"

२७ मार्च

हात वर होत नाही. कपाळाला चार टाके घातलेली पोर मलाच भरवते आहे.

२९ मार्च

बाई म्हणाल्या, जमीन तुमची नाही हे सिद्ध करा, ते फेरविचार करतील. केलं सिद्ध! गावाच्या भरसभेत सरदारकी सोडली. आज्याची काठी गुडघ्यावर मोडली. हाड मोडल्यासारखा आवाज झाला. एका म्हाताऱ्यानं करवंटी फेकून मारली. "पोरीच्या शाळेपायी कूळ विकलंस!"

"विकलं नाही, फुकट दिलं!"

सरदारकी फेतूला, जमिनीवरचा शब्दही आता त्याचाच. सभेचा सही-शिक्क्याचा कागद कॉलेजला धाडला.

१८ एप्रिल

उत्तर आलं. आमची गरज त्यांना पूर्ण पटली. परदेशी गरजूंसाठीचा पैसा वाटून संपला आहे, सबब प्रवेश रद्द.

"आधीच 'हो' लिहिलं असतं तर?" मी विचारलं.

"मदत मागणारी परदेशी पोरं ते मोजकीच घेतात. मार्चमध्येच नाही म्हणाले असते," बाई म्हणाल्या.

लेक माझ्याकडे बघत होती. बोलायला उभा राहिलो. हात काठी चाचपत राहिला.