डार्विनला बोट लागली

३ जानेवारी
संकल्प : यंदा उत्क्रांतीत आपलं नाव. डार्विनला बोट लागली, मेंडेलला मठाची बाग. मी इतकी वर्षं कॉलेजात त्यांचंच शिकवतोय. आता माझी पाळी. बशीत जंतू वाढवायचे, अँटिबायोटिक घालायचं, तगतील ते पुढच्या बशीत. डोस वाढवत न्यायचा. उत्क्रांती डोळ्यांदेखत.

११ जानेवारी
विभागप्रमुख बाईंनी लॅबमध्ये मनाई केली. म्हणाल्या, हा खेळ नाही. जळतात माझ्यावर.
कपड्यांचं कपाट रिकामं करून जंतूंना उबेसाठी आत बल्ब लावला. बायकोला सांगितलं, शैक्षणिक साहित्य आहे.

२ फेब्रुवारी
दुप्पट डोस, शिवाय आणखी तीन औषधं. बहुतेक मेले. उरलेले ठणठणीत. मुलाच्या निकालालाही इतकी छाती फुगली नव्हती.

१९ फेब्रुवारी
बशी फुटली, बोट कापलं. हातमोजे आणायचेच राहिलेत. उद्या नक्की.

२२ फेब्रुवारी
ताप. बोट टम्म. बायको जखम धुते, पट्टी बदलते, कपाटाकडे बघते. काही विचारत नाही.
वॉलेसलाही तापातच उत्क्रांतीची कल्पना सुचली होती. पडून वाट पाहिली. काही सुचलं नाही.

२४ फेब्रुवारी
मेहुणा डॉक्टर आहे. येऊन गोळ्या लिहून दिल्या. नाव वाचलं. माझ्या बश्यांतलंच एक औषध. बोललो नाही. पेपर छापून येण्याआधी बातमी फुटायला नको. शिवाय तो बदलून देईलच.

२७ फेब्रुवारी
गुण नाही. आता बायकोलाही ताप. भाजी चिरताना तिच्या अंगठ्याला लागलं होतं म्हणे. मेहुण्याने विचारलं, दोघांना एकदम कसं? म्हटलं, हवा बदलतेय.

२ मार्च
दोघेही हॉस्पिटलात. माझं बोट काढलं. ती आयसीयूत. मेहुणा म्हणाला, भाऊजी, एकही औषध लागू पडत नाहीये, घरात काही होतं का? सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. तो खुर्चीवर बसला आणि त्याने हळू आवाजात विचारलं, कुठकुठली औषधं वापरलीत? सांगत गेलो. त्याने लिहून घेतली. लिहिताना एकदाही वर बघितलं नाही.

४ मार्च
मेहुणा आत जाऊन आला. म्हटलं, ती काही बोलली का? म्हणाला, एवढंच विचारलं, त्यांचा ताप उतरला का.
माझा उतरलाय.