डावीकडून सुटणारी गाठ

३० नोव्हेंबर १९८४, शुक्रवार. गुदैबिया

पोहोचले एकदाची आखातात! विमानात हुस्ना खिडकीला नाक लावून बसली होती आणि मी डोळे मिटून कलमा पढत होते. साडेसहा वर्षांच्या पोरीला आईपेक्षा धीर जास्त. कमाल न्यायला आला होता, हातात चॉकलेटचा डबा. तो हुस्नाने गाडीतच अर्धा संपवला.

दोन खोल्या आहेत, खाली मलबाऱ्याचं हॉटेल, समोरच्या दुकानात चक्क आमसुलं मिळतात. आणखी काय हवं? ही डायरी कमालनेच दिली. बायको दाभोळच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, त्याचं त्याला भारी कौतुक.

बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण 'हे' म्हटलं की मला अजून पहिले, अन्सारच आठवतात, म्हणून इथे कमालला कमालच लिहीन. 'हे' इथेच आले होते, हुस्ना पोटात असताना. तिच्या जन्माची तार मिळाल्यावर नावही यांनीच इथून कळवलं. मग त्या वर्षीच्या ईदनंतर काहीच नाही. कंपनी म्हणाली, पळून गेला. मी चार वर्षं वाट पाहिली, मग काझींनी निकाह मोडून दिला. टाकून गेलेल्या नवऱ्यामागे घरात बसायचे दिवस, इद्दत, तेवढीच बसले. विधवेची बसले नाही. मेल्याची खबर नसताना शोक कुणाचा करायचा?

कमाल यांचा इथला सोबती. गेल्या वर्षी गावी आला, हुस्नाला मांडीवर घेतलं आणि माझ्या भावाकडे मागणी घातली. माणूस भला आहे. आज मी खूष आहे, असं लिहून ठेवते.

३ डिसेंबर, सोमवार

कमाल सलमाबादला सुपरवायझर आहे. कशाचा म्हणाल, तर बर्फाचा! कुणा शेठने जुन्या कोल्ड स्टोरेजमध्ये बर्फाचा उतार केलाय. कुटलेला बर्फ मागच्या भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून आत ओततात. वर चढायला दोर, खाली यायला लाकडी घसरगाड्या, आणि हौस असेल तर पायाला बांधायच्या लांब पट्ट्या, त्यांना स्की म्हणतात. पावसाळ्यात आमचं शेवाळलेलं अंगण याहून बरं घसरवतं आणि तेही फुकट, पण हे कुणाला सांगता? लोक या जागेला 'थल्ज' म्हणतात. अरबीत बर्फाला तोच शब्द.

बायकांच्या काउंटरला बाई हवी होती, म्हणून मलाही काम मिळालं. चपला ठेवून घ्यायच्या, बूट नि लाल कोट द्यायचा, जाताना बुटांच्या नाड्या सोडून घ्यायच्या. हुस्नाची शाळा जानेवारीत सुरू होईल. तोवर ती माझ्याजवळ बसते आणि संधी मिळाली की उतारावर पळते.

मशीनवर लतीफचाचा आहेत, रायगडकडचे. त्यांनी सगळं समजावलं. दार बाहेरून कडी घालून बंद होतं, आतून उघडत नाही. आत एक घंटा आहे, ती दाबायची. पण दिव्यांचं मोठं बटण बंद असलं की घंटाही बंद. आत माझ्या पेनातली शाई गोठली, तर हसले आणि ही पेन्सिल दिली.

६ डिसेंबर, गुरुवार

आज जत्रा होती नुसती. एक म्हातारा आला होता, तरुणपणी मोती काढायला समुद्राच्या तळाशी जायचा म्हणे. त्याने बर्फ तोंडात घातला, डोळे मिटून उभा राहिला, मग थोडा थर्मासात भरला. घरी अंथरुणाला खिळलेली बायको आहे, तिला दाखवणार होता. इसा टाऊनला पोहोचेतो पाणी झालं असेल, पण मी झाकण घट्ट लावून दिलं. एक गोरी मडम सगळ्यांना शिकवायला पुढे सरसावली आणि सगळ्यात आधी आपटली. मलबारी नर्सा हसून हसून बसल्याच.

जाताना एका बाईने माझे आभार मानले. म्हणाली, वर दोराजवळ तुमचा निळ्या कोटवाला माणूस फार प्रेमळ आहे, पोरं पडली की उचलतो. मी फुशारकीने 'शुक्रन' म्हटलं. नंतर आठवलं, आमचे कोट सगळे लाल आहेत. जेवताना कमालला सांगितलं. तो म्हणाला, निळा कोट कुणाचाच नाही, मफी, म्हणजे इथल्या भाषेत नाहीच. आणि ताटावरून उठला. माशाचं कालवण तसंच राहिलं. त्याला माझ्या हातचं आवडत नसेल का?

११ डिसेंबर, मंगळवार

मंगळवार बायकांचा. आत एकही पुरुष नसतो, लतीफचाचासुद्धा मागच्या खोलीत.

संध्याकाळी बूट सोडायला बसले. बायकांच्या बुटांना मी घातलेल्या साध्या गाठी होत्या. लहान मुलींच्या बुटांना वेगळीच गाठ, आवळून बांधलेली, दोन वेढ्यांची. मी गप्पा मारत एकेक सोडत होते. डावं टोक ओढायचं की सगळी गाठ एकदम निघते. चारपाच बूट झाल्यावर हात थांबला.

ही गाठ मला कुणी शिकवली?

खाडीवर होडी बांधताना 'हे' अशी गाठ मारत. उजवीकडून ओढली की आणखी आवळते, डावीकडून ओढली की सुटते. 'हे' इथे यायला निघाले तेव्हा ट्रंकेला दोरी यांनी अशीच बांधली होती, आणि मला म्हणाले होते की सायरा, हे फक्त तुला आणि मला माहीत.

कमालला मी हे सांगितलं नाही. का, ते माझं मलाच कळत नाही.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आज रत्नागिरीकडच्या एका टेलरचं कुटुंब आलं होतं. त्यांची शमा आठेक वर्षांची. तिच्या बुटांना तीच गाठ. मी विचारलं, ही कुणी बांधली गं? म्हणाली, निळ्या कोटातल्या चाचांनी. त्यांच्या भुवया पांढऱ्या आहेत, बोलतात आपल्यासारखं, पण एकच विचारतात, तू हुस्ना का? नाही म्हटलं तर नाडी बांधून देतात आणि पुढच्या मुलीकडे जातात.

तिच्या आईला हसू आलं. मीही हसले असेन. काउंटरच्या खालच्या बाजूला दोन्ही हातांनी धरून उभी होते.

म्हणजे 'हे' आहेत. इथे आहेत. सहा वर्षं पोरीला शोधताहेत. मला भीती वाटायला हवी होती, आधी रडूच आलं.

१६ डिसेंबर, रविवार

हुस्नाचे हात गार आहेत. घरी येऊन तासभर झाला तरी गार. गरम पाण्यात धरले, खोबरेल चोळलं. ती म्हणते थंडी वाजत नाही. गोधडी घेत नाही. चॉकलेटही नको म्हणाली.

तिचे बूट पाहिले नव्हते. स्वतःच सोडून ठेवले तिने. तिला तर साधी गाठही सोडता येत नाही.

डावीकडून ओढलीस का, विचारलं. मान हलवली. कुणी शिकवलं? तिने हात पाठीमागे लपवले.

१८ डिसेंबर, मंगळवार

आता बोलली. चाचा नाहीत ते, बाबा आहेत, म्हणाली. बाबांनी तिला खांद्यावर बसवून उतार दाखवला. तू हुस्ना का विचारल्यावर मी हो म्हटलं तेव्हा बाबा खूप रडले, पण पाणी आलं नाही, बर्फ पडला, म्हणाली.

मी तिला छातीशी धरलं. कपड्यांतून गारवा येत होता. ओठ निळसर. डॉक्टर म्हणतो काही नाही, हवा बदललीय.

यांना मुलगी बघायची होती. बघितली. आता ही पाऊल आत टाकणार नाही. यांच्यावर माझा राग नाही. पण पोर माझ्याकडे एकच आहे.

२० डिसेंबर, गुरुवार

आज कमालला गाठ दाखवली. हुस्नाच्या बुटावर तशी मारून समोर ठेवली, म्हटलं, निळ्या कोटवाला अशी बांधतो. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

सगळं सांगितलं. तेव्हा ते मांसाचं स्टोरेज होतं. ईदच्या आदल्या दिवशी यानेच हाक मारली, कोणी नाही वाटलं, कडी घातली. अन्सार आत पेट्या रचत होते, कानांना मफलर बांधलेला. सुट्टी संपल्यावर उघडलं तेव्हा — दाराशीच. निळ्या कोटात.

व्हिसा दुसऱ्याच्या नावावर होता. शेठ म्हणाला, खलास, बोंब झाली तर सगळे घरी जाल. गुपचूप पुरलं. कुठे, ते याला दाखवलंही नाही. घरी कळवलं, पळाला.

मग माझ्याशी निकाह का केलास, विचारलं. म्हणाला, तुझ्याकडे बघवत नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याला विचारायचं तोच माझ्या घरात जेवत होता. आणि मी यांना काय काय बोलले असेन सहा वर्षं. पळपुटा म्हटलं. पोरीसमोर म्हटलं. 'हे' दाराशी बसून होते आणि इकडे मी विधवेची इद्दतसुद्धा —

उद्या शेवटचं जाईन. कबर नाही, तर जिथे गेले तिथे फातिहा पढेन. मग हे काम नको. हुस्नाला घेऊन गावी.

२१ डिसेंबर, शुक्रवार

पेन्सिलीने लिहितेय. आत आहे.

हुस्नाला घरी ठेवायला कुणी नव्हतं. काउंटरवर लतीफचाचांजवळ बसवलं. फातिहेला आत जायचं म्हणून मी बूट घातले होते, चपलांची फळी लावत होते. चाचा नमाजेला गेले. वळून पाहिलं तर स्टूल रिकामं. दार उघडं.

धावले. वर दोराजवळ बसली होती, एकटी. बूट दोराच्या खांबाला बांधलेले. तीच गाठ. मी डावीकडून ओढली, सुटली. तिला उचललं. दगडाएवढी गार.

तेवढ्यात दिवे गेले. कडी पडली.

जुम्याची नमाज. दारातून हाक मारली असेल त्याने. कोणी नाही वाटलं असेल. पुन्हा. या अल्ला, पुन्हा कमालच —

घंटा बंद. ओरडले. मशीन घरघरतेय, कुणाला ऐकू जाणार.

झरोक्यातून उजेड येतोय. मोठं माणूस मावत नाही, पोर मावते. खांद्यावर उभी केली, ढकललं. बाहेर पडली. रडली. मोठ्याने रडली, अल्लाचे आभार. म्हटलं मशिदीत पळ, लतीफचाचांना आण. आणि बाळा, हात उन्हात धर.

तिने वरून सांगितलं, अम्मी, माझे हात गरम झाले.

म्हणजे सोडलं यांनी तिला. माझ्या बदल्यात असेल तर — असू दे.

---

खाली बसलेय. फातिहा पढले. दुपट्टा पांढरा आहे आज, मुद्दाम घातला होता.

निळा कोट. समोर. भुवयांवर बर्फ. बारीक झाले आहेत फार.

मी माफी मागितली. पळपुटा म्हटलं त्याची. माझ्या पायाशी बसले. नाडी सुटली होती माझी.

---

अक्षर नीट येत नाही —

बांधताहेत. माझ्या बुटाची यांच्या बुटाला —

बाहेर पावलं. हुस्नाचा आवाज. कमाल रडतोय, कडी ओढतोय.

उठायला हवं. पोर बाहेर उभी आहे. डावीकडून ओढली की सुटते, मला माहीत आहे, हे फक्त मला आणि — टोक इथेच आहे, बोटांजवळ. पण यांनी मान वर करून बघितलं आणि माझा हात पुढे होत नाही —