मोर्चातलं वाक्य

३ नोव्हेंबर, सोमवार

पेन कागदात रुततंय. रागानं!

शाळा सुटल्यावर बँकेत गेले होते. रांगेत माझ्यापुढं मुबारकबी चाची. अझहरची आई. अझहर टेम्पो चालवतो, आणि माझ्या नवऱ्याचा, सुनीलचा, पहिलीपासूनचा दोस्त. चाचीला खात्याला मोबाईल नंबर जोडून घ्यायचा होता, एवढंच.

नवीन मॅनेजर उत्तरेकडचा. म्हणाला, "हिंदी में बोलो." चाची म्हणाली, "मला न्हाई येत ओ तेवढी. मराठीतच सांगा." तर त्यानं तिच्या डोक्यावरच्या पदराकडं बघितलं आणि म्हणाला, "मुसलमान होके हिंदी नहीं आती? ड्रामा मत करो."

आतले दोघं हसले. हसले!

चाची म्हणाली, "म्या मिरजगावच्या बाजारात बांगड्या इकून जल्म काढला साहेब. तितं कोन हिंदी बोलतंय?" तो पुढच्याला हाक मारून मोकळा.

मी मध्ये पडले. म्हटलं, हा महाराष्ट्र आहे, इथं मराठीत बोलायला लागेल. शांतपणे म्हणाला, "मैडम, बैंक दिल्ली से चलती है, आपके गाँव से नहीं."

चाचीला घरी सोडलं, वाटभर मीच बडबडत होते.

४ नोव्हेंबर

सुनीलला सांगितलं. (इथं सुनील लिहिते. तोंडावर 'अहो'.) ताटावरून उठला. दुकानात अझहरला बोलावून घेतलं. आमचं खत-बियाण्याचं दुकान म्हणजे अर्ध्या गावाची बैठक, तासाभरात पंधरा-वीस पोरं जमली. मराठी संघटनेची गावातली शाखा सुनीलच चालवतो. तालुकाप्रमुख गोरक्षनाथदादांना फोन गेला. गुरुवारी मोर्चा!

मी चहा देत होते आणि ऐकत होते. कांदा आमचा, पण तो परदेशी जायचा की नाही ते दिल्ली ठरवणार. बँक आमच्या गावात, भाषा दिल्लीची. पोरांची परीक्षा, रेल्वेची भरती, हायवेवरच्या पाट्या, सगळं तिकडून. आपण काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? कुणीतरी म्हणालं, "मग ऱ्हायचं कशाला त्यांच्यात?" सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग हसले.

मला हसू आलं नाही. मला ते खरंच वाटलं. शाळेत रोज प्रतिज्ञा म्हणवून घेते मी पोरांकडून. पण आज वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काय मोर्चा झाला! शेजारच्या वाड्यांवरूनही माणसं आली. बायका चाळीस तरी. अर्धी रजा टाकून मीही गेले. अझहरच्या टेम्पोवर भोंगे. टपावर तो स्वतः उभा, हातात मोठा फलक — "माझी आई मराठी बोलते. ऐका!" अक्षर माझं. चाची पहिल्या रांगेत होती.

मॅनेजर आतून कुलूप लावून बसला.

सुनील टेम्पोच्या मागच्या फाळक्याशी माईक घेऊन उभा होता. एरवी लग्नात बोलायचं तर घाम फुटतो ह्या माणसाला. आज आवाज असा चढला! म्हणाला, "दिल्लीला आमची भाषा नको असंल तर दिल्ली बी आमाला नको! महाराष्ट्र येगळा देश करा. जगून दाखवू!"

शिट्ट्या, टाळ्या. मीही वाजवल्या. तळवे लाल होईपर्यंत.

रात्री सुनीलला आवडतं म्हणून पिठलं केलं. घसा बसलाय त्याचा. खुणेनंच मागत होता.

७ नोव्हेंबर

मोर्चाची क्लिप फिरतेय. सकाळी मजा वाटली. दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावून दाखवली, तेव्हा नीट बघितली.

कुणीतरी खालून काढलेली. अर्ध्या मिनिटाची. टपावर अझहर, हात उंचावलेला, तोंड उघडं — तो घोषणेला साथ देत होता. सुनील दिसतच नाही. फक्त त्याचं ते वाक्य ऐकू येतं. भोंग्यातून कुणाचाही आवाज सारखाच वाटतो.

आवाज सुनीलचा, चेहरा अझहरचा. आणि खाली लिहिलंय — "देश तोडायला निघालेला हा अझहर कोण?" फलकावरची ओळ कापून टाकलीय.

८ नोव्हेंबर, शनिवार

अझहरला नेलं. पहाटे, घरातून. देशाच्या सार्वभौमत्वाला धोका, असं काहीतरी कलम आहे. जामीन लवकर होत नाही म्हणे.

मोर्चात आठशे माणसं होती. एकच नाव सापडलं!

सुनील दिवसभर गोठ्यात. काय करत होता कोण जाणे, एकच तर गाय आहे.

९ नोव्हेंबर

गोरक्षनाथदादा घरी आले. पांढरी गाडी, बरोबर दोघं. मी स्वयंपाकघरात. दार मुद्दाम लोटलं नाही.

"सुनील, तू काय बी बोलायचं न्हाई. निवडणूक तोंडावर हाय. तुझं नाव आलं तर संघटना संपली. त्याचं आलंय तर येऊ दे. लोकांला त्यात काई नवल वाटत न्हाई."

नवल वाटत नाही!

सुनील एवढंच म्हणाला, "दादा, तो माझा दोस्त हाय."

"म्हणून तर तो नाव घेत न्हाई तुझं. मग तू कशाला घेतो?"

आणि मग कागद पुढं केला. पेपरला द्यायची बातमी. 'मोर्चात एक समाजकंटक घुसला होता, त्याचा संघटनेशी संबंध नाही.' खाली शाखाप्रमुखाची सही हवी.

सुनीलनं केली.

मी चहाचे कप तसेच मोरीत ओतले.

१० नोव्हेंबर

बातमी छापून आली. शाळेत बाई लोक माझ्याकडं बघून सुटल्यासारखं हसल्या. "बरं झालं बाई, तुमच्या मिस्टरांचं नाव नाही."

आयत आज आली नाही. अझहरची मुलगी, माझ्या तिसरीत आहे. हजेरी घेताना तिच्या नावावर थांबले, तर मागून एक पोरगं म्हणालं, "बाई, तिचे पप्पा देशद्रोही हायेत." आठ वर्षांचं पोरगं. त्याला 'देशद्रोही' नीट म्हणताही येत नाही — पण शब्द पोचलाय.

११ नोव्हेंबर

चाचीकडं गेले. सुनीलला न सांगता.

वाटलं होतं, तोंडावर दार लावेल. तिनं पाणी दिलं. सून तमन्ना आत होती, बाहेर आली नाही. चाची म्हणाली, "सुनील जेवतो का? त्याला ताण आला की जेवत न्हाई तो. लहानपनापासनं."

मला तिथं बसवेना.

म्हटलं, "चाची, तुम्हाला ठाऊक आहे ना कोण बोललं?"

"मला न्हाई तर कुनाला? पयल्या रांगेत हुते मी." मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "अझहर जाताना म्हनला, अम्मी, सुन्याचं नाव काढू नको. तो यील आपला आपन. म्हनून मी वाट बघती."

आणि ती आम्हाला एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर

भांडण. लग्नानंतर पहिल्यांदा मी इतकी ओरडले.

म्हटलं, "अहो, जिच्या मराठीसाठी मोर्चा काढला, तिचाच मुलगा आत! आणि तुम्ही सही करून त्याला घुसखोर ठरवलं!"

म्हणाला, "मी गेलो तर तो सुटंल कशावरून? दोघं सडू."

"दिल्लीवर ओरडताना नाही भीती वाटली?"

"दिल्ली लांब हाय!" म्हणाला. आणि स्वतःच दचकला.

सासूबाई मध्ये पडल्या. "मोनिका, नवऱ्याला जेलात धाडती का गं? घरात कोन हाय दुसरं?" माझ्या नोकरीचंही काढलं. सरकारी नोकरी, मोर्चात होतीस हे कळलं तर तुझी पण जाईल म्हणाल्या. खरंय ते.

माझा राग कुणावर आहे? त्या मॅनेजरवर आहे, अजून. दिल्लीवर आहे. मी काही बदलले नाही! पण तो मॅनेजर चाचीचा पदर बघून बोलला, आणि आम्ही? आम्हीही तोच बघितला. त्याच्या आडोशाला जाऊन बसलो.

१३ नोव्हेंबर

कोठडी वाढली. सुनील जेवला नाही. मी वाढलंही नाही.

१४ नोव्हेंबर

बालदिन. आयत आली शाळेत. मागच्या बाकावर एकटी बसली. कार्यक्रमात तिची कविता होती, पाठ होती तिला, मागच्या आठवड्यापर्यंत घरभर म्हणत फिरायची म्हणे. उभी राहिली. माझ्याकडं बघितलं. तोंड उघडेना. पोरं खुसुखुसु हसायला लागली. मी तिला जवळ घेतलं, तर कानात म्हणाली, "बाई, मी मराठीत म्हणू का?"

मराठीत म्हणू का!

घरी आल्यावर सुनीलला हे सांगितलं. भिंतीकडं तोंड करून पडला होता. म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत तुम्ही ठाण्यात जा. नाहीतर मी जाईन." चादर तोंडावर ओढून घेतली.

सकाळपर्यंत थांबते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तो उठला नाही. मी ठाण्यात जाऊन जबाब दिला — ते वाक्य माझा नवरा बोलला, मी समोर होते, टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "बाई, परत विचार करा." म्हटलं, लिहा.

राहात्याला आईकडं आलेय. आत्ता सासूबाईंचा फोन आला. आधी शिव्या दिल्या, मग रडल्या. सुनीलला घेऊन गेले. जाताना म्हणाला म्हणे, "दुकानाच्या किल्ल्या मोनिकाकडं द्या."